दुखणं किती आणे?

थायरॉइडच्या पेशंटला आम्ही कमी बोलायला सांगायचो, आणि सर्वांत जास्त किस्से जमले ते याच लोकांचे! नव्वदचं दशक संपत आलेलं. नगरच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी सिस्टर होते. आमचे सर पुण्याहून थायरॉइडच्या गाठीचं नवं ऑपरेशन शिकून आले, गळ्यावर जेमतेम दोन बोटं चीर. सर खूश, नातेवाईक खूश. अस्वस्थ मी एकटी! सर टाके घालून घरी जायचे, दुखणं माझ्या ताब्यात. आणि आपली माणसं दुखतंय म्हणून सांगतील तर शपथ! मी आपली सारखी या कॉटवरून त्या कॉटकडे.

*

कोपरगावची एक सून कण्हत होती. सासूबाईंनी पट्टी निरखून पाहिली. "येवढीशी तर चीर हाय! ह्याच्यापरीस मोठं मला विळीवर कापतं. गप पड!"

माझं डोकंच फिरलं. सासूबाईंना बाहेर बाकावर बसवलं आणि सुनेला इंजेक्शन दिलं. लगेच बाहेरून हाक आली, "सिस्टर, माझं बी बोट ठणकतंय. एक मला बी द्या की!"

*

ऑपरेशनच्या वेळी मान मागे ताणून ठेवतात, त्यामुळे नंतर ती मागून आखडते. राहुरीच्या एका गुरुजींना हे सांगायचं राहिलं. सर राऊंडला आले. गुरुजी मान धरून म्हणाले, "डॉक्टर, गाठ पुढं होती. तुम्ही शिरलात कुठून?"

*

भूल देताना घशात नळी घातलेली असते, म्हणून नंतर गिळताना दुखतं. "काहीतरी थंड द्या," असं मी एका बाईच्या भावाला सांगितलं. पठ्ठ्या कुल्फी आणायला गेला तो येईचना. शोधायला गेले, तर कँटीनच्या स्टोव्हवर पातेलं ठेवून उभा!

"थंड दिली तर तिला खोकला व्हईल, सिस्टर. जरा कोमट करतो."

*

पाथर्डीकडचे किसनआबा. बायको सोनाबाई उशाशी बसलेली. तिच्याही गळ्यात गाठ, पण ऑपरेशनला तयार नव्हती. "यांचं बघून ठरवते," म्हणाली होती. त्यामुळे आबांना दुखलं, की ही गाठ घेऊन घरी जाणार, याचा मला घोर!

मी सकाळी विचारलं, "आबा, दुखण्याचं कसंय? रुपयात किती आणे?"

"सहा आणे."

चला, बरंय! इंजेक्शन बंद करून गोळ्या सुरू केल्या. दुपारी विचारलं तर चार आणे. मी एक गोळी कमी केली. संध्याकाळी आबा म्हणाले, "दोन आणे."

पण कपाळावर घाम, मुठी आवळलेल्या, थुंकी गिळवेना. सोनाबाई पिशवी भरत होती. माझा जीव थाऱ्यावर राहीना. "आबा, दोनच आणे ना? मग असं का करताय?"

आबांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, पिकाची आणेवारी आठ आण्याखाली गेली की सरकारसुदिक दुष्काळ जाहीर करतंय. मी दोन आण्यावर आलोय, आन तुमी अजून गोळ्याच कमी करताय!"