दिवसा वाचलेली ड्रॅगनची गोष्ट

मंडळी, आज दुपारी आमच्याकडं काय झालं, ते सांगते.

लेकीचे डोळे आलेत, म्हणून तिची कादंबरी मी मोठ्यानं वाचत होते. ड्रॅगनवर बसायला शिकणारी मुलगी आणि तिला शिकवणारा, दोघांचं प्रेम. आई म्हणाली, "दिवसा गोष्ट सांगू न्हाई. मामा वाट चुकतो."

मी हसून वाचत राहिले. ड्रॅगन मुलीला घेऊन ढगात गेला आणि फोन वाजला. माझा भाऊ, म्हणजे लेकीचा मामा. "ताई, विट्याहून निघालोय. रोजचाच रस्ता, पण कुठं आलोय कळंना."

आई म्हणाली, "थांबू नगं. पुरी कर."

मी भराभर वाचलं. ड्रॅगन खाली उतरला, मुलगी शिकवणाऱ्याच्या मिठीत शिरली. थोड्या वेळानं भाऊ दारात.

"मी एकदा दिवसा सांगायला घेतलेली गोष्ट अर्धी सोडली हुती," आई म्हणाली.

सत्तरच्या दशकात, मी चार वर्षांची असताना, ती गोष्ट आई मलाच सांगत होती. त्याच दिवशी माझा फौजी मामा सुट्टीवर आला, औंधला एसटीतून उतरून आमच्याकडं चालत निघाला. पोचलाच नाही.

आता आई ओसरीवर बसून तीच अर्धी राहिलेली गोष्ट पुढं सांगतेय. दार मी उघडंच ठेवलंय. तुम्ही लावलं असतं?