शिल्लकअण्णांची बॅटरी

आमच्या गल्लीत सोलर सगळ्यात आधी आला तो शिल्लकअण्णांच्या घरी, आणि गल्लीतून रॉकेलची चिमणी सगळ्यात शेवटी गेली तीही शिल्लकअण्णांच्याच घरातून. मधली सात-आठ वर्षं दोघंही एकाच छपराखाली गुण्यागोविंदाने नांदत होती. संध्याकाळी लाईट गेली की अण्णांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकी, चिमणी पेटवायच्या आणि अण्णा तिच्या उजेडात भिंतीवरचा हिरवा दिवा बघत बसायचे. हिरवा दिवा म्हणजे बॅटरी भरलेली. "फुल्ल हाय," असं म्हणून ते समाधानाने चहाचा घोट घ्यायचे. एवढी भरलेली बॅटरी असताना आपण अंधारात का बसलोय, असं मी भाडेकरू म्हणून आले त्याच आठवड्यात विचारलं होतं. घट बसलेले असताना मी घटावरचा नारळ खायला मागितला असता तरी अण्णांनी माझ्याकडे तसं बघितलं नसतं. "आगं, वापरली तर संपंल की ती!" ते म्हणाले.

मी गडहिंग्लजची. टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर म्हणून कोल्हापूरला लागले आणि अण्णांच्या मागच्या खोलीत राहायला आले. अण्णा मला नावाने कधी हाक मारत नसत. "काय टेलिफोन, सुटली व्हय ड्युटी?" अशी चौकशी व्हायची. ते स्वतः उद्यमनगरातल्या एका इंजिनांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते, आणि त्यांचं नावही तिथल्या कामगारांनीच पाडलेलं. कुणी नटबोल्ट मागायला गेलं की अण्णा कपाट उघडून दाखवायचे आणि म्हणायचे, "शिल्लक हाय, पर देता येत न्हाय." का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "दिला तर शिल्लक कसा ऱ्हाईल?" यावर भल्याभल्या फोरमननी हात टेकले होते. त्यांच्या स्टोअरमध्ये पाकिटातच तडकलेले पट्टे होते आणि डब्यातच दगड झालेलं ग्रीस होतं, पण कमी काहीही नव्हतं.

असा माणूस सोलर घेतो कशाला? तर एका प्रदर्शनात कुणीतरी त्यांना सांगितलं, की यात सूर्याची वीज साठवून ठेवता येते. 'साठवून' एवढाच शब्द अण्णांच्या कानात शिरला, पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. एक पत्रा, एक बॅटरी, दोन ट्यूबा आणि वीतभर पात्यांचा एक पंखा घरी आला. तो पत्रा गच्चीवर बसवला आणि दुसऱ्याच दिवशी अण्णांनी त्याच्यावर जुनी चादर घातली. उन्हात वस्तू खराब होते, हा स्टोअरमधला जन्माचा अनुभव! आठवडाभर बॅटरी भरेना, तेव्हा कंपनीचा माणूस आला, गच्चीवर गेला आणि हसत हसत खाली उतरला. चादर निघाली, पण अण्णांचा जीव पुढं कितीतरी दिवस त्या उन्हात तळमळत होता.

बॅटरी लाकडी पेटीत ठेवली होती. पेटीच्या झाकणावर अण्णांनी कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर सही केली, तारखेसकट. झाकण उघडलं की करंट उडून जातो, अशी त्यांची पक्की समजूत. घरातल्या साध्या लाईटच्या मीटरवरही त्यांची नजर. कारखान्यात जाताना आकडा बघायचा, आल्यावर परत बघायचा, आणि जास्त दिसला की काकींकडे बघायचं. काकींना तेव्हाच एक गोष्ट कळली होती, जी अण्णांना आठ वर्षांत कळली नाही. सूर्याला मीटर नसतो.

काकी मुरगूडच्या. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायच्या आणि हात इतका सफाईदार, की एकदा त्यांच्याकडे शिवलेली बाई दुसरीकडे जायची नाही. घर आगगाडीसारखं, एकामागे एक तीन खोल्या. मशीन मधल्या खोलीत, जिथं खिडकी नाही. भर दुपारी बारा वाजतासुद्धा तिथं काळ्या कापडावरचा काळा दोरा दिसायचा नाही. अण्णांना सांगून झालं होतं. अण्णांचं उत्तर ठरलेलं, "गरज पडली की लावू की." गरज म्हणजे काय, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

एकदा माझी ड्युटी लवकर सुटली. दुपारी घरी आले तर मधल्या खोलीत झगझगीत ट्यूब! खाली काकी मशीन मारतायत आणि शेजारी स्टुलावर तो चिमुकला पंखा गरगरतोय. मला बघून त्यांनी जीभ चावली. मग म्हणाल्या, "ये, बस वाऱ्याला." आमच्या भागात बायकाही 'मी जातो, मी येतो' म्हणतात, त्याच सुरात त्यांनी सगळं सांगून टाकलं. "हे कामावर गेलं की अकराला मी लावतो. साडेतीनला बंद. मग ऊन परत भरतंय की तिला. ह्यांनी यायच्या आत हिरवा दिवा तयार!" रोज? रोज. पहिल्या महिन्यापासून.

मी पोट धरून हसले. मग सवयीने विचारलं, बॅटरीला पाणी कोण घालतं? एक्स्चेंजात बॅटऱ्यांची अख्खी खोली होती. तिथला माणूस दर पंधरवड्याला एकेक बूच काढून डिस्टिल्ड वॉटर घालायचा, हे मी बघितलेलं. काकींच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "तिला पाणी लागतंय? आन् ही बया इतकं दिस तान्हेली?" मी गॅरेजमधून बाटली आणली. अण्णांची सही असलेली पट्टी काकींनी भाताच्या पातेल्याची वाफ देऊन अलगद सोडवली, पाणी घातलं आणि शितं लावून परत जिथल्या तिथं चिकटवली. पुढं दर महिन्याला हा सोहळा व्हायचा. अण्णा रोज पट्टी तपासायचे आणि आपलीच सही बघून खूश व्हायचे.

मग लोडशेडिंगचे दिवस आले. पेपरात वेळापत्रक छापून येऊ लागलं आणि लोक लग्नाचा मुहूर्त बघावा तसं ते बघू लागले. घरोघरी इन्व्हर्टर आले. झेरॉक्सवाल्याने दुकानासमोर जनरेटर लावला, त्याच्या आवाजात किती प्रती पाहिजेत ते बोटांनी सांगावं लागे. इन्व्हर्टर ही दाखवायची वस्तू झाली, म्हणून लोक तो सरळ बैठकीच्या खोलीत, देवाच्या फोटोखाली मांडायचे. त्याच्यावर टीव्ही लाव, मिक्सर लाव, आणि पाणी घालायची आठवण कुणालाच नाही. दोन वर्षांत एकेकाची बॅटरी राम म्हणायची. अण्णांची ठणठणीत. साहजिकच अण्णांचा भाव वाढला. लोक सल्ला विचारायला यायचे आणि अण्णा सांगायचे, "आठ वर्सं झाली. का टिकली? हात लावला न्हाय म्हणून!" आतून काकींच्या भांड्यांचा आवाज जरा मोठा व्हायचा. माझ्या तर अगदी ओठावर यायचं, पण काकी डोळे वटारायच्या. "ऱ्हाऊ दे. तेवढाच एक मोठेपणा हाय त्येंला."

आणि अण्णा रिटायर झाले.

कारखान्याने शाल-नारळ दिला, स्टोअरच्या किल्ल्या काढून घेतल्या. आता सांभाळायला उरली एकच वस्तू. त्यांनी खुर्ची आणली आणि पेटीशेजारी, अगदी मशीनसमोर मांडली. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, कारखान्याच्या वेळेत. दुपारी डुलकीसुद्धा तिथंच. काकींची ट्यूब गेली, पंखा गेला आणि पाणी घालणंही थांबलं. मी चारदा म्हटलं, "अण्णा, पाणी बघायला पाहिजे." ते म्हणाले, "इजंत पाणी घालतीस? टेलिफोनवर बसून डोकं फिरलंय तुझं."

तो उन्हाळा काकींना फार वाईट गेला. लग्नसराई, अंगावर काम, आणि दिवसातले कितीतरी तास लाईट नाही. मशीन उचलून दारात आणलं तर रस्त्याची धूळ कापडावर. चिमणीजवळ बसल्या तर धुराने डोळ्यांतून पाणी. एका नवरीच्या ब्लाउजला बाह्या उलट्या लागल्या. तीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. नवरीची आई उरलेली कापडं तेवढी पिशवीत घालून परत घेऊन गेली. काकी त्या दिवशी जेवल्या नाहीत. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता मी सांगणारच. तर हात धरून म्हणाल्या, "तू न्हाय. सांगायचं झालं तर मी सांगीन." आणि अण्णा? अण्णा खुशीत होते. हिरवा दिवा हल्ली सकाळी नऊलाच लागत होता! बॅटरी आतून वाळत चालली की ती लगेच भरल्यासारखी दिसते, हे त्यांना कुणी सांगायचं?

त्याच महिन्यात तरुण मंडळाने ऊर्जा बचतीचा कार्यक्रम ठेवला आणि अण्णांच्या बॅटरीचं जाहीर दर्शन ठरलं. नगरसेवक येणार म्हणून अण्णांनी भाषण लिहून पाठ केलं. कार्यक्रम लोडशेडिंगच्या वेळेतच, दुपारी चारला. पन्नास माणसं त्या अंधाऱ्या खोलीत घुसली, घामाने न्हाली. अण्णांनी 'संयम' या विषयावर वीस मिनिटं सांगितलं. मग पट्टी समारंभाने फाडली आणि नगरसेवकांना म्हणाले, "दाबा, सायेब." साहेबांनी बटण दाबलं. ट्यूबची दोन्ही टोकं लाल झाली, एकदा थरथरली आणि विझली. कुणीतरी मागून ओरडलं, "काय अण्णा, शिल्लक संपली व्हय?" खोली हसली. अण्णा बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिले. लोक निघून गेले तरी दाबतच होते.

"आठ वर्सं जपली गं," ते काकींना म्हणाले. "एकदा सुदीक वापरली न्हाय. आन् आजच दगा दिला."

काकी समोर जमिनीवर बसल्या. "तुमी जपली म्हणून न्हाय जगली ती," त्या म्हणाल्या. "मी वापरत हुतो, म्हणून जगली. रोज लावत हुतो. तुमी कामावर गेला की."

मी दारात उभी होते. वाटलं, आता काहीतरी आदळणार. अण्णांनी फाटलेली पट्टी उचलून हातात घेतली. मग त्यांनी एकच विचारलं.

"पंखा बी?"

"पंखा बी."

तिसऱ्या दिवशी रिक्षातून नवी बॅटरी आली. पेटीला पट्टी लावली नाही. खुर्ची उचलून पुढच्या खोलीत नेली आणि मशीनच्या बरोबर वर ट्यूब सरकवून घेतली. मला बोलावून म्हणाले, "टेलिफोन, ते पाण्याचं काय म्हणत हुतीस?" मला हसू आवरलं नाही, पण पाणी कसं घालायचं ते नीट शिकवलं.

एवढं होऊनही गंमत बघा, काकींचा हात बटणाकडे जाईना. अण्णा पुढच्या खोलीतून ओरडायचे, "लाव की गं!" आणि काकी "लावतो की" म्हणत अंधारातच टाके घालायच्या. मला म्हणाल्या, "ह्यांच्याम्होरं लावायची लाज वाटती बघ. इतकी वर्सं चोरून लावली." हे अण्णांच्या कानावर गेलं की त्यांचं त्यांनाच उमगलं, मला माहीत नाही. पण त्यानंतर लाईट गेली की अण्णा टोपी घालायचे आणि म्हणायचे, "मी जरा चौकात जाऊन येतो." ते कोपऱ्यावर वळायचे आणि इकडे मशीन सुरू व्हायचं.

चौकात बसून ते भेटेल त्याला उपदेश करू लागले. आता उपदेश बरोबर उलटा. "बॅटरी वापरा, पावणं! न वापरली तर वाळती! मला इचारा!" लोक टर उडवायचे, लोडशेडिंगला भिऊन अण्णा घरातून पळतात म्हणायचे. मे महिन्यात एकदा मी ड्युटीवरून येत होते, तर अण्णा चौकातल्या बसस्टॉपच्या पत्र्याखाली टोपीने वारा घेत बसलेले, सदरा घामाने अंगाला चिकटलेला. घरी पंखा फिरत असणार हे दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "अण्णा, ऊन केवढं आहे, घरी जा की." ते म्हणाले, "शिवती हाय ती. लाईट येऊ दे, मग जातो." या माणसावर मी वर्षानुवर्षं चिडले होते. त्या दिवशी मात्र त्यांच्याजवळ बसावंसं वाटलं, आणि बसलेही.

पुढं माझं लग्न झालं, बदली घेऊन मी परत गडहिंग्लजला गेले. अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा लगेच निघता आलं नाही. दोन महिन्यांनी गेले. दुपारची वेळ, लाईट गेलेली. काकी मधल्या खोलीत मशीनसमोर बसल्या होत्या, मांडीवर कापड, हात रिकामे. हिरवा दिवा लागलेला होता.

"काकी, ट्यूब लावा की," मी म्हटलं.

"लावतो की," त्या म्हणाल्या. हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आधी चौकात जायचं गं ते. आता कुठं जात्यात? घरातच असत्यात दिसभर."

मला रडू आलं. मी उठले, चपला घातल्या आणि दारात उभी राहून खणखणीत आवाजात म्हटलं, "अण्णा, उठा! चला, चौकात जाऊन येऊ. काकींना काम हाय."

आणि बाहेर पडले. मागं वळून बघितलं नाही. चार घरं ओलांडली तेव्हा मशीन सुरू झाल्याचं ऐकू आलं. मी स्टॉपच्या पत्र्याखाली जाऊन बसले आणि लाईट येईपर्यंत तिथून हलले नाही.