फिलूबायच्या दारात चांदणी नाही

मित्रहो, संध्याकाळी उत्तनला जाऊन आलो आणि तेव्हापासून नुसता बसलोय.

आज नाताळ. सगळी आळी कागदी चांदण्यांनी उजळलेली, शाळेतल्या एखाद्या कवितेतलं आभाळ खाली उतरावं तशी. फक्त आमची जुनी शेजारीण फिलूबाय, तिचंच दार अंधारात.

"बल्ब गेला का गं?"

"न्हाय, भाऊजी. वहिनीला वरीस झाला न्हाय अजून."

माझी बायको मे महिन्यात गेली.

नव्वदच्या सुमारास आम्ही फिलूबायच्या शेजारी राहायचो. एका वर्षी तिच्या नवऱ्याची होडी परत आलीच नाही. त्या दिवाळीत हिने आमचा आकाशकंदील माळ्यावरून खाली काढला नव्हता. मी ते विसरून गेलो होतो. फिलूबाय विसरली नव्हती.

नाताळ म्हणजे उजेड, असंच मी समजत आलो. कुणासाठी आपलं दार अंधारात ठेवणं, हाही नाताळच असेल.

निघताना ती म्हणाली, "पुढल्या दिवालीला कंदील लाव हां. मंग मी चांदनी लावीन."

मी हो म्हटलं. पण कंदील दरवर्षी हीच लावायची. तुमच्यापैकी कुणी असा पहिला कंदील एकट्याने लावलाय का?