चाकू खाली ठेवायचा असतो

वरकुट्याच्या महिपतीला एका जागी बसणं जमत नसे. जेवायलासुद्धा तो एक गुडघा उभा ठेवूनच बसायचा. पायाला भिंगरी लागली म्हणतात, तसा माणूस. उजवा हात मात्र कायम सदऱ्याच्या खालच्या खिशात. तिथं घडीचा चाकू असायचा आणि दिवसभर महिपतीचा अंगठा त्याच्या मुठीवरून फिरत राहायचा.

घराणं मेंढरांचं. मेंढक्याला चाकू लागतोच. कोकराची नाळ कापायची असते, खुरातला काटा काढायचा असतो. पण मेंढरं बापाच्या काळातच गेली, कालव्याचं पाणी आलं, ऊस आला आणि महिपती भवानीनगरला कारखान्यावर उसाच्या गाड्या रांगेला लावायच्या कामाला लागला. मेंढरं गेली तरी चाकू काही गेला नाही. कासरा गुंतला की चाकू, पेरू दिसला की चाकू. दातही तो त्याच्याच टोकानं कोरायचा, आणि हे त्याच्या बायकोला, साखरबाईला, मुळीच खपत नसे.

खिशात एक, आणि घरी पत्र्याच्या पेटीत आणखी कितीतरी. पितळी मुठीचा शिंगणापूरच्या जत्रेतला. काळ्या शिंगाच्या मुठीचा नरसिंहपूरला संगमावर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या लोहाराकडचा. कुठल्याही बाजारात गेला की हा आधी चाकूवाल्याच्या फडक्यापुढं उकिडवा बसणार, पातं उघडणार, मिटणार, कानाशी नेऊन खटका ऐकणार. "आमी बाया लुगडं घेताना एवढं बघत न्हाय," साखरबाई म्हणायची. दर अवसेला पेटी बाहेर निघे आणि एकेका चाकूला खोबरेल तेलाचं बोट लागे. तेवढा वेळ गडी मांडी घालून बसायचा.

त्याचा एक नियम होता. चाकू मागितला तर हातात द्यायचा नाही, भुईवर ठेवायचा, समोरच्यानं उचलून घ्यायचा. मिरची, मीठ नि चाकू हातातून हातात गेला की भांडण होतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण पाळतो कोण? महिपती पाळायचा. त्याच्या बापानं, तात्याबानं, एकदा गडबडीत थोरल्या भावाच्या हातात चाकू दिला, आणि दिवस मावळायच्या आत मेंढरांचे दोन कळप नि घराच्या दोन चुली झाल्या. खरं कारण दुसरंच काही असणार. पण लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं मनातून जात नाही. कारखान्यावरचे गाडीवान मुद्दाम हात पुढं करायचे. महिपती चाकू गाडीच्या जुवावर ठेवून म्हणायचा, "उचल. भांडायचं आसंल तर तोंडानं भांडू."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्याच्या थोरल्या लेकीला, दिपालीला, बारामतीचं स्थळ आलं. मुलगा शंभूराज आयटीआय करून एमआयडीसीत लागलेला. त्याचे वडील बिरूराव एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. घर स्वतःचं, नळाला पाणी. मुलगा दिपालीला आवडला होता. तिनं तसं कुणाला सांगितलं नाही, पण घरात बारामतीचा विषय निघाला की तव्यावरची भाकरी करपायला लागली.

सुपारी फोडायला सगळे बारामतीला गेले. नारळाच्या पोत्याची सुतळी काही सुटेना. बिरूरावांनी गाठीला नखं लावली, दात लावले, आणि शेवटी म्हणाले, "महिपतराव, चाकू हाय का?"

आता बघा, आयुष्यभर जो माणूस चाकू बाळगतो, त्याला भर बैठकीत व्याह्यानं चाकू मागावा यापरता मान कुठला? महिपतीचा ऊर भरून आला. "हाय का म्हंजे?" म्हणत त्यानं काळ्या शिंगाचा काढला, अंगठ्यानं पातं उघडलं, मूठ पुढं केली आणि बिरूरावांच्या हातात दिला. बिरूरावांनी सुतळी कापली, पात्यावरून नजर फिरवली, "लई ब्येस हाय," म्हणाले, आणि बोलण्याच्या नादात चाकू मिटून स्वतःच्याच खिशात टाकला. अशा दिवशी व्याह्याला 'माझा चाकू द्या' कोण म्हणणार?

परतीच्या एसटीत महिपतीचा हात सवयीनं खिशात गेला. खिसा रिकामा. आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की आपण तो हातात दिला.

घरी येऊन त्यानं आईला, कुशाबाईला, सांगितलं. म्हातारीनं कपाळाला हात लावला. "ज्यानं घेतला त्यानं भुईवर ठिवायचा, अन् तू उचलायचा. मग फिटलं."

"मग सांगतो त्यास्नी तसं."

"खुळा हायस का? त्यो म्हनंल, सुपारीच्या दिशी माज्या घरात भांडन आनून टाकलंस. गुपचूप आन."

गुपचूप आणायचं म्हणजे कसं आणायचं, ते काही म्हातारीनं सांगितलं नाही. महिपतीच्या जिवाला मात्र त्या दिवसापासून थारा राहिला नाही. गाड्या लावताना तो भलत्याच रांगेत गाडी घाली. पेटीतला कुठलाही चाकू खिशात ठेवला तरी त्याला तो परका वाटे. दिपाली बाशिंगाचं, साड्यांचं बोलायला लागली की हा उठून अंगणात जाई. पोरीचं लग्न मोडणार आणि ते आपल्या हातानं मोडणार, एवढं एकच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

पहिल्यांदा तो कांद्याची पिशवी घेऊन बारामतीला गेला. खुर्चीच्या कडेवर टेकला आणि बिरूरावांच्या खिशाकडं बघत राहिला. "काय काम काढलं?" बिरूरावांनी विचारलं. "काय न्हाय, सहज," म्हणून चहा पिऊन परत आला. दोन दिवसांनी पुन्हा गेला. ह्या खेपेला मांडवाचं विचारायचं निमित्त होतं. विहीणबाई, रंगूबाई, पेरू कापत बसल्या होत्या, आणि त्यांच्या हातात तोच काळ्या शिंगाचा चाकू. रंगूबाईंनी पेरूची फोड खाऊन बघितली, गोड लागली, आणि "घ्या की पाव्हणं, तुमीच कापून घ्या," म्हणत पेरू आणि चाकू दोन्ही त्याच्यापुढं धरलं. महिपतीनं झटकन दोन्ही हात पाठीमागं नेले.

"खाली ठिवा," तो म्हणाला.

रंगूबाई बघतच राहिल्या. आपल्या हातचं ह्यांना चालत नाही की काय? त्यांनी उठून चाकू-पेरू आत नेला तो नेलाच. महिपती गेल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "ह्यांच्या मनात कायतरी हाय. सारखं येत्यात, बोलत काय न्हाय, नजर वर करीत न्हाय. पोरीचं कायतरी लपवत्यात." चोराच्या मनात चांदणं असतं खरं, पण बघणाऱ्याला त्यात चोरच दिसतो. महिपती त्यानंतरही एकदा गेला. तेव्हा त्याला चहासुद्धा कुणी विचारला नाही.

बिरूरावांनी मग ओळखीतला एक माणूस वरकुट्याला धाडला. त्यानं चौकशी केली ती थेट पिठाच्या गिरणीवर. पोरीचं बाहेर काही आहे का, पोरीला फिट-बिट येते का. दिपाली त्याच रांगेत दळणाचा डबा घेऊन उभी होती. त्या माणसाला ती कोण हे ठाऊक नव्हतं. बाकी सगळ्यांना होतं. सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

ती दळण घेऊन घरी आली आणि चुलीपाशी बसून रडली. त्याच आठवड्यात निरोप आला, तारीख जरा पुढं ढकलू. करायला गेलो गणपती नि झाला मारुती, तसं झालं. महिपतीनं भिंतीला पाठ लावून लेकीला सगळं सांगितलं.

"चाकूपायी?" दिपाली म्हणाली. "आबा, सरळ मागायचा हुता की."

साखरबाईनं मात्र पदर खोचला. "उठा. बारामतीला जायचं, अन् आता तोंड उघडायचं."

बिरूरावांच्या बैठकीत महिपतीनं मान खाली घालून, अडखळत सगळं सांगितलं. तात्याबाचं, दोन चुलींचं, म्हातारी काय म्हणाली ते. बिरूराव असे हसत सुटले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांनी आतून चाकू आणवला आणि दोन्ही हातांनी, प्रसाद ठेवावा तसा, फरशीवर ठेवला. महिपतीनं तो उचलला. रंगूबाईही हसल्या. तारीख होती तीच कायम झाली. महिपती घरी आला आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवला.

वैशाखात लग्न थाटात झालं. भांडण कसलं, रुसवाफुगवासुद्धा नाही. पाठवणीच्या वेळी दिपाली आजीच्या, आईच्या गळ्यात पडून रडली. मग बापाच्या पाया पडली, आणि उठताना हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आबा, सासरच्यास्नी खरं काय ते कळलं. गिरणीवरच्या बायास्नी कोण सांगनार? त्या अजून माज्या तोंडाकडं बघत्यात. तुमी सारखं तिकडं यिऊ नका. मी बोलवीन तवा या."

महिपतीला वाटलं, पोरीचा सासरी जातानाचा राग आहे, ओसरेल. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. श्रावणात पंचमीला तिला माहेरी आणायचं होतं. मुराळी म्हणून आपणच जायचं असं त्यानं ठरवलं, धोतर धुऊन वाळत घातलं. एसटीडीवरून दिपालीचा फोन शेजाऱ्यांकडं आला, तो साखरबाईनं घेतला. परत आल्यावर ती जरा वेळ उंबऱ्यातच उभी राहिली.

"मामाला धाडा म्हनली," ती म्हणाली.

पंचमीला दिपाली मामासोबत आली, आईशी, आजीशी पोटभर बोलली, बापाला ताट वाढलं, आणि मामासोबतच परत गेली. चाकू ज्याच्या हातात दिला त्याच्याशी महिपतीचं काहीच बिनसलं नव्हतं. व्याही भेटला की अजून गळामिठी घालायचा. बिनसलं ते जिच्यासाठी जीव टांगणीला लावला, तिच्याशी.

त्यानंतर तो रोज कामावरून सुटला की भवानीनगरच्या थांब्यावर जाऊन उभा राही. तिथून घराकडची गाडी मिळायची, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटत नसे. पण आधी बारामतीची गाडी यायची, आणि ती दिसली की महिपती दोन पावलं पुढं होई आणि तिथंच थांबे. कंडक्टर ओळखीचा. त्यानं एक दिवस दार धरून विचारलं, "महिपतराव, रोज हुबं ऱ्हाता. यायचं का लेकीकडं?"

"न्हाय," महिपती म्हणाला. "आजून बोलावलं न्हाय."