फळ्यांची वाट

आमच्या ह्यांना जगात कोणाचंही भलं झालेलं चालतं, फक्त सख्ख्या भावाचं सोडून. शेजाऱ्याने घरावर मजला चढवला तेव्हा हे स्वतःहून शिडी नेऊन देऊन आले. भाऊजींनी मात्र नुसत्या नव्या चपला घेतल्या, तर ह्यांना दोन दिवस घास गोड लागला नाही. मी मधे पडून समजूत वगैरे घालत नाही. जळायला मलाही होतं. धाकट्या जावेचं हसणंसुद्धा मला आमच्यापेक्षा महाग वाटतं.

हे तळ्यावर राखणदार आहेत. तळं म्हणजे डोळा पोचेल तिथपर्यंत पसरलेलं आणि गुडघाभर खोल. चहूकडे वाळवंट. आत पाणी येतं ते दोन झऱ्यांचं आणि कधीमधी चुकून पडलेल्या पावसाचं. बाहेर जायला त्याला वाटच नाही, ऊनच काय ते पिऊन टाकतं. मागे उरतो खार. म्हणून पाणी हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं. त्यात कपडे साबणाशिवाय निघतात आणि धुणारीच्या बोटांची सालंही निघतात. मासा औषधालाही सापडायचा नाही. काठाला बारीक माश्यांचा काळा पट्टा, आणि पाण्यात डोळ्यांना दिसणार नाही असं हिरवं शेवाळ. चोच उलटी धरून हजारो रोहित पक्षी तेच गाळून खातात आणि त्यानेच गुलाबी होतात. दुपारनंतर वारा सुटला की अख्खं तळं ढकलल्यासारखं पलीकडच्या काठाला सरकतं, अलीकडे नुसता चिखल उघडा पडतो. ह्या चिखलात रुतलेली गुरं बाहेर ओढण्यात आणि खाराने खाल्लेल्या पाट्या पुन्हा रंगवण्यात ह्यांचं उभं आयुष्य गेलं.

भाऊजी त्याच तळ्यावर पाहुण्यांना माहिती सांगतात. शहरात शिकून आले, बोलणं गोड, पाहुणे माना डोलावतात. हे शेजारी उभे असले तर पाहुणे ह्यांना फोटोतून जरा बाजूला व्हायला सांगतात. त्यातून भाऊजी वाईट असते तर बरं झालं असतं; मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या.

हे कित्येक वर्षं सांगत आले होते, की हे पक्षी एक दिवस इथे घरटी करणार.

"दादा, इथे ते फक्त जेवायला येतात," भाऊजी हसून म्हणायचे. "घर करायला लांब जातात. इथलं पाणी भरवशाचं नाही."

तेही खोटं नव्हतं. हा पक्षी चिखलाचा छोटा ढीग रचतो आणि त्यावर एकच अंडं घालतो. पाणी चढलं तर अंडं बुडतं, फार उतरलं तर कोल्हे चालत येतात. सगळं जमून यावं लागतं. यंदा ते जमलं. तळ्याच्या मधोमध चिखलाची जाडसर पाठ वर आली, आणि तिच्या आणि काठाच्या मधे असा पट्टा राहिला की वर खाराचा पांढरा पापुद्रा आणि खाली कंबरभर लगदा. त्यात होडी चालेना, माणूस चालेना, कोल्हाही चालेना. त्या पाठीवर पक्षी बसलेले ह्यांनीच आधी हेरले.

"तळ्याच्या साहेबांना सांगून टाका," मी म्हटलं.

"आधी अंडं दिसू दे. नाहीतर तो म्हणेल, दादाला उन्हात भास झाला."

ह्यांनी काय करावं? जुन्या धक्क्याच्या फळ्या उखडल्या आणि त्या पट्ट्यावर एकापुढे एक टाकत नेल्या. दोन दिवस कोणाला पत्ता लागू दिला नाही. तिसऱ्या दिवशी घरी आले ते लग्नात दिसत होते तसे. तळव्यांना भेगा पडलेल्या, लिंबाच्या पाण्यात पाय बुडवून एकटेच हसत होते.

"अगं, अंडी आहेत. पांढरी. उद्या उजाडताच तुला दाखवतो, मग साहेबांना घेऊन जातो. आता बोल म्हणावं त्याला!"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पक्ष्यांचा कमी, जावेच्या आधी मी बघणार ह्याचाच जास्त. सकाळी मी ठेवणीतली साडी नेसून चिखलात निघाले, ह्यावरून काय ते समजा.

चौथ्या-पाचव्या फळीवर हे थांबले. फळीवर ओल्या चिखलाचे ठसे होते, पंजांचे. पुढच्या फळीवरही होते. मी काही बोलणार, तर ह्यांनी हात वर केला. पुढच्या रांगेतली घरटी फुटली होती. टरफलं पडली होती, आणि एक पक्षी रिकाम्या ढिगावर तसाच बसून होता. मागची घरटी शाबूत होती. कोल्ह्यांचं तेवढ्यावर पोट भरलं असावं.

"मीच रस्ता करून दिला," हे म्हणाले.

मी पदर खोचला. ह्यांनी पलीकडच्या टोकापासून फळी उचलायची आणि मी मागे सरकत ती काठाकडे ओढायची, असं आम्ही ती वाट गुंडाळत आलो. हात सोलून निघाले. शेवटची फळी काठाला पडून असलेल्या होडीत टाकून वर गोणपाट ओढलं, तेवढ्यात बांधावरून माणसांचा आवाज आला.

भाऊजी पाहुणे घेऊन आले होते, साहेब बरोबर. तीन पायांवर नवी कोरी दुर्बीण उभी केलेली. भाऊजींना आनंद मावत नव्हता.

"दादा! वहिनी! अहो, घरटी! कालच नवी दुर्बीण आली आणि आज सकाळी पहिल्यांदा दिसली. साहेब म्हणतात, इथे घरटी पाहणारा मी पहिला." मग आवाज उतरला. "पुढची रांग तेवढी गेलीय. कोल्हे त्या लगद्यातून पोचले कसे, तेच कळत नाही."

पहिला! जिभेच्या टोकावर आलं होतं सगळं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे होडीवरच्या गोणपाटाकडे पाहत होते.

"दादा, तू इतकी वर्षं म्हणत होतास. तुला कधी दिसली नाहीत?"

"नाही," हे म्हणाले.

"मग ये ना इकडे." भाऊजींनी मायेने ह्यांचा खांदा धरला आणि दुर्बिणीपुढे वाकवलं. "हां. आता एक डोळा मीट, दादा. तो नाही, दुसरा."