आक्काचा नियम आणि धरणेंद्रच्या तीन मोटारी

मगदूम इलेक्ट्रिक मोटार कंपनीची स्थापना २०१६ साली झाली, असं पाटीवर लिहिलंय. त्याच पाटीवर खाली बारीक अक्षरांत 'पाण्याच्या मोटारी रिवायंडिंग करून मिळतील' असंही लिहिलंय, आणि घरची चूल त्या बारीक अक्षरांवर पेटते. कंपनी वारणाकाठच्या एका गावात आहे, मिरजेपासून तेवीस किलोमीटरवर. मालक, इंजिनिअर, फिटर आणि झाडूवाला एकच, धरणेंद्र मगदूम. वय अठ्ठावन्न. शिक्षण नववी, आणि त्यानंतर चाळीस वर्षं जळक्या मोटारींत गुंडाळायची तांब्याची तार.

वारणाकाठी ऊस आला की पाणी आलं, पाणी आलं की मोटार आली आणि मोटार जळली की धरणेंद्र आला. रस्त्यानं जाताना नुसत्या आवाजावरून तो कुणाच्या मोटारीचं बेअरिंग गेलंय ते सांगायचा. लग्नाच्या पंगतीत बसलेला असताना लांब कुठं मोटार कण्हू लागली, तर ह्याचा घास हातातच राहायचा.

असा हा माणूस एकदा लेकीला भेटायला साताऱ्याला गेला. स्वप्नालीला तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. कारखान्याच्या आवारात कुणा साहेबाची विजेवरची मोटार उभी होती. धरणेंद्रनं बॉनेट उघडायला लावलं आणि दहा मिनिटं आत डोकं घालून उभा राहिला.

"ह्यात हाय काय?" तो म्हणाला. "मोटारच की गं."

"पप्पा, बॅटरी असते, कंट्रोलर असतो, बाकीचंही लय असतं."

"ते ऱ्हाऊ दे. फिरतं कोण? मोटारच न्हवं?"

ह्या एका प्रश्नावर कंपनी उभी राहिली.

मॉडेल एक म्हणजे भंगारात काढलेली एक जुनी मारुती. आतलं इंजिन काढलं आणि त्या जागी पाच हॉर्सपॉवरची पंपाची मोटार बसवली. पंपाच्या मोटारीला थ्री-फेज, म्हणजे तीन तारांची वीज लागते, बॅटरीवर ती ऐकत नाही. तेव्हा धरणेंद्रनं दुकानातल्या स्टार्टरपासून गाडीला दोनशे फूट केबल जोडली. गाडी पुढं, मागनं केबल उचलून धरत त्याचा बालमित्र गुंडा. इतर कंपन्या आपली गाडी एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते ते छापतात. ही गाडी बस्तीच्या, म्हणजे गावातल्या जैन मंदिराच्या, कोपऱ्यापर्यंत जायची. तिथं केबल संपायची.

तरी दसऱ्याला उद्घाटन ठरलं. पुढच्या चाकापुढं लिंबू ठेवलं, नारळ फोडला. सगळा गाव दोन्ही बाजूंना उभा होता. पुढं उभं राहणं धोक्याचं म्हणून धरणेंद्रनं आपल्या थोरल्या बहिणीला, आक्काताईंना, मागच्या बाजूला खुर्ची टाकून मानानं बसवलं होतं. मांडीवर आरतीचं ताट.

झालं असं होतं, की त्याच सकाळी वायरमननं खांबावरची तुटलेली तार जोडली होती, आणि जोडताना दोन तारा उलटसुलट झाल्या होत्या. असं झालं की मोटार उलटी फिरते, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. शेतकरी दोन वायरी बदलतो आणि कामाला लागतो. विहिरीतल्या पंपाला मागं-पुढं नसतं. चाळीस वर्षं फक्त पंप बघितलेल्या माणसाच्या हे ध्यानातच आलं नाही, की मोटारगाडीला ते असतं.

गाडीत बसून धरणेंद्रनं हात जोडले, चालू करायचं बटण दाबलं (बंद करायचं दुकानातल्या स्टार्टरवरच होतं), आणि गाडी जोरात मागं सुटली. आक्काताईंचे गुडघे तेव्हाही दुखायचे, पण त्या दिवशी त्या ज्या चपळाईनं उठल्या, ते बघून लोक थक्क झाले. खुर्ची चाकाखाली गेली. कुंकू, हळद, निरांजन रस्त्यावर. गुंडानं केबल टाकून दुकानाकडं धूम ठोकली आणि स्टार्टरचं लाल बटण दाबलं, तेव्हा कुठं गाडी थांबली. पुढच्या चाकापुढचं लिंबू जसंच्या तसं राहिलं होतं.

आता आक्काताईंबद्दल सांगायला हवं. त्या नियमाच्या बाई. कांदा, लसूण, बटाटा त्यांनी कधीच सोडला होता. सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. दर चातुर्मासात बस्तीत मुनिमहाराज आले की आक्काताई त्यांच्यापुढं उभ्या राहून आणखी काहीतरी सोडायच्या, आणि सोडलं म्हणजे सोडलं. त्या साली त्यांनी काय सोडावं? वांगं नाही, साखर नाही. त्यांनी भावाची गाडी सोडली.

"कायमची?" महाराजांनी विचारलं.

आक्काताईंनी जरा विचार केला. दर महिन्याला त्यांना बीपी दाखवायला मिरजेच्या दवाखान्यात जावं लागायचं. "गाडी मिरजेला जाऊन, दिवस मावळायच्या आत दारात परत येईस्तोवर," त्या म्हणाल्या.

गाव हसलं. धरणेंद्र हसला नाही. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. आक्का विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली होती. तिनं त्याला कडेवर घेऊन शाळेत पोचवलं, नववीत नापास झाला तेव्हा मारलं आणि रिवायंडिंग शिकायला धाडलं. आता तिला एसटीची पायरी चढवत नव्हती. दर महिन्याला कुणीतरी खालून ढकलायचं, कुणीतरी वरून ओढायचं. गाडी कुणासाठी करतोस असं विचारलं की धरणेंद्र 'देशासाठी' म्हणायचा. ती आक्कासाठी होती, आणि आक्काच तीत बसणार नव्हती.

मॉडेल दोनला केबल नव्हती. बॅटरीवर चालणारी एक मोटार कुठूनतरी पैदा केली आणि मागच्या शिटाच्या जागी ट्रकच्या चार बॅटऱ्या ठेवल्या. त्या वजनानं गाडी मागं बसली आणि तिचं तोंड आभाळाकडं झालं. समोरचा रस्ता दिसावा म्हणून धरणेंद्र दोन उशा घेऊन बसायचा. पहिल्या खेपेला ती खरोखर मिरजेला पोचली, पण येताना वाटेत मेली. धरणेंद्र डगमगला नाही. त्या रस्त्यावरचा प्रत्येक पंप त्याच्या हातचा होता. त्यानं वाटेवरच्या अर्जुना नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून वायर ओढली. अर्जुनानं चहा दिला. गाडी चार तास वीज प्याली आणि घरी आली तेव्हा दिवस मावळून बस्तीतली आरतीही उरकली होती.

दुसऱ्या खेपेला त्यानं लबाडी केली. गाडी बंद पडल्यावर गुंडाच्या ट्रॅक्टरमागं उसाची रिकामी ट्रॉली होती, तीत चढवली, गावाबाहेर उतरवली, आणि उरल्यासुरल्या बॅटरीवर हॉर्न वाजवत ऐटीत दारात आणली. ऊन होतं, चांगलं साडेपाचचं. आक्काताईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. वायपरच्या फटीतून त्यांनी उसाचं वाळकं पान ओढून काढलं.

"धरणू, मिरजंच्या रस्त्यावर ऊस उगवलाय व्हय रं?"

धरणेंद्रनं मान खाली घातली. नियम सैल करता येत नाही, पण आवळता येतो. आक्काताईंनी तो आवळला. गाडीनं वाटेत कुणाच्या वायरीला तोंड लावायचं नाही, आणि यायचं ते त्यांच्या डोळ्यांदेखत.

मग मॉडेल तीन. ह्या वेळी स्वप्नाली साताऱ्याहून पंधरा दिवसांची रजा काढून आली. येताना कंट्रोलर आणला, हलक्या लिथियम बॅटऱ्या आणल्या. बापानं बांधलेल्या वायरी तिनं एकेक करून बघितल्या. मग तिनं सगळ्या तोडून नव्यानं बांधल्या. धरणेंद्र रुसला, आणि चौथ्या दिवशी तिच्या हाताखाली पाने-पकडी द्यायला लागला. गाडी एका चार्जिंगमध्ये पंचावन्न किलोमीटर गेली. जाऊन-येऊन लागत होते सेहेचाळीस.

"पप्पा, एकच सांगते," जाताना स्वप्नाली म्हणाली. "थांबत-थांबत जाऊ नका. सुटताना मोटार लय करंट ओढते."

"मला शिकवतीस व्हय?" धरणेंद्र म्हणाला. "चाळीस वर्सं ह्यात गेली माझी."

डिसेंबरातल्या एका मंगळवारी आक्काताई मिरजेला निघाल्या. एसटीत मागचं शीट धरलं आणि खिडकीतून हात बाहेर काढून बजावलं, "मी हितं बसतो. तू माझ्या नदरंसमोर मागनं ये."

आमच्याकडची एसटी हात केला की थांबते. बाई दिसली की थांबते, शेळी घेऊन उभा राहिलेला म्हातारा दिसला की थांबते, आणि म्हाताऱ्याला यायचं नसतं हे कळल्यावर निघते. एसटी थांबली की धरणेंद्र थांबायचा. ती सुटली की तो सुटायचा. पुढं काढायची सोय नव्हती, मागच्या काचेत आक्काचा चष्मा चमकत होता. जाताना एकोणीस वेळा थांबणं झालं. येताना बाजार करून निघालेली माणसं होती, सव्वीस वेळा झालं. लेकीचं वाक्य त्याला येतानाच्या विसाव्या थांब्याला आठवलं. तेव्हा बॅटरीच्या काट्याकडं बघण्यात अर्थ नव्हता, तरी तो बघत राहिला.

गाव अर्ध्या किलोमीटरवर आलं. ओढ्याचा चढ लागला. एसटी चढून गेली. मॉडेल तीन निम्म्या चढावर आली, हळू झाली, आणि थांबली. पावणेसहा वाजले होते. सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकायला आला होता.

धरणेंद्र खाली उतरला. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यानं दरवाज्याला खांदा लावला आणि एकट्यानं ढकलायला लागला. गाडी चार बोटं पुढं गेली आणि सहा बोटं मागं आली. अठ्ठावन्न वर्षांच्या त्या माणसाला भर रस्त्यात रडू आलं, आणि एका हातानं डोळे पुसावे तर गाडी मागं येत होती.

वर चढाच्या टोकाला एसटी थांबलेली त्याला दिसली नाही. आक्काताईंनी कंडक्टरच्या आधी दोरी ओढली होती.

"उतरा समदे," त्या म्हणाल्या.

"आवं आक्का, आमाला घरला जायचंय," कुणीतरी म्हणालं.

"घरलाच जायाचंय. चालत चला. जाता जाता तेवढं ढकला."

अकरा माणसं उतरली. कंडक्टर बारावा. त्यांत बाजाराची पिशवी काखेत मारून गुंडाही होता. तो खाली येऊन बॉनेटपाशी थबकला आणि मोठ्यानं म्हणाला, "पर आक्का, ढकलून आणल्याली नियमात चालती व्हय?"

सगळे थांबले. धरणेंद्रनंही मान वर केली. गेल्या पन्नास वर्षांत आक्काताईंनी एकही नियम केसभर सैल केल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

आक्काताईंनी भावाच्या तोंडाकडं पाहिलं. मग पदर खोचला.

"कुणाच्या वायरीला तोंड लावायचं न्हाई म्हटलंवतं," त्या म्हणाल्या. "माणसाचा हात लावायचा न्हाई असं कवा म्हटलंवतं? बसायचा नियम हाय माझा. ढकलायचा न्हाई. धरणू, तू आत बस आन् चाक सरळ धर."

असं म्हणून त्यांनी डिकीवर आपला हात टेकवला. त्या हातानं गाडी हलली नसती, पण इतरांना मग मागं राहता येईना. गाडी चढ चढली. पुढं मॉडेल तीन, तिच्यामागं बारा माणसं आणि आक्काताई, आणि त्यांच्यामागं पहिल्या गियरमध्ये रिकामी एसटी, अशी ती मिरवणूक गावात शिरली. स्टिअरिंगच्या चाकामागं धरणेंद्र नवरदेवासारखा ताठ बसला होता. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त आनंद होत होता.

गाडी दारात आली तेव्हा सूर्य मावळायला सहा मिनिटं होती. धरणेंद्रची बायको मंगल ताट वाढून उंबऱ्यात उभी होती. आक्काताईंनी पाय धुतले. घरात जायच्या ऐवजी त्या गाडीकडं वळल्या. त्यांनी पुढचं दार उघडलं, चौकट धरली आणि अलगद आत बसल्या. कुणी खालून ढकललं नाही, कुणी वरून ओढलं नाही. पायरीच नव्हती.

"ताट हितं आण गं," त्या म्हणाल्या.

बंद गाडीत बसून त्यांनी भाकरी आणि दोडक्याची भाजी खाल्ली, गाळलेलं पाणी प्याल्या, वर बीपीची गोळी घेतली. शेजारी धरणेंद्र चाक धरून बसला होता, ते सोडायचं त्याला सुचलंच नाही. पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि सूर्य गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काताई बस्तीतून परतल्या त्या थेट दुकानात आल्या. धरणेंद्र गाडी चार्जिंगला लावून अजून तिच्याकडंच बघत होता.

"आज मी एसटी सोडली," त्या म्हणाल्या.

"म्हंजी?"

"नियम घेतला. आजन्म. पुन्यांदा एसटीत पाय ठेवणार न्हाई."

धरणेंद्रनं साताऱ्याला फोन लावला. आक्काताई खुर्ची ओढून बसल्या होत्या, ह्या वेळी गाडीच्या मागं नाही, पुढं.

"स्वप्नाली," तो म्हणाला, "मॉडेल चारला किती दिवस लागतील गं? दर महिन्याला मिरज हाय."