काय सांगितलं?

आमच्या दाजींइतका बोलण्याचा अभ्यास केलेला आणि बोलून माणसांना वैताग आणणारा दुसरा माणूस हर्सूलपासून चिकलठाण्यापर्यंत शोधून सापडणार नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. त्यांचं नाव निघालं की आजही माझं डोकं तापतं. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते कामगारांना ‘संवाद’ शिकवायचे. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, मध्ये अडथळा कशाचा आणि निरोप पोचला हे कशावरून, एवढ्यावर ते दिवसभर बोलू शकत. निवृत्तीनंतर तो दिवसभर आमच्या वाट्याला आला. त्यांचा सिद्धान्त असा, की आपण बोललो म्हणजे काम झालं नाही; समोरच्यानं ते परत म्हणून दाखवलं, तरच पोचलं. म्हणून प्रत्येक बोलण्याच्या शेवटी ते बोट उचलून विचारत, “काय सांगितलं?”

कारखान्यात हे ठीक होतं. तिथं मशीनच्या धडधडाटात सांगितलेलं नीट कळलं नाही तर माणसाचा हात जायचा. दाजींच्या खात्यात कुणाचं बोटसुद्धा गेलं नाही, हे त्यांचे वैरीही कबूल करतात, आणि त्यात पहिला मी. पण चहानं कुणाचा हात जातो का? छावणीतल्या गाड्यावर “दोन चहा, एक बिनसाखरेचा. काय सांगितलं?” असं त्यांनी विचारलं, तेव्हा चहावाला भडकून म्हणाला, “चचा, चाय पीना है के इम्तिहान लेना है?” मला त्या माणसाच्या गळ्यात हार घालावासा वाटला. माझ्या मुलाच्या बारशाला तर कहर झाला. अक्का आत्या म्हणून पुढं झाली, बाळाच्या कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीवर धपाटे पडले, आणि दाजी पाळण्यात वाकून बाळाला म्हणाले, “काय सांगितलं?” बाळानं भोकाड पसरलं. “पोचलं,” दाजी म्हणाले. सगळे हसले. मी नाही हसलो.

एवढं सगळं सोसणारी एकटी अक्का. रोज सकाळी दाजी दारात वाकून बुटाच्या नाड्या बांधत आणि घराकडं पाठ करून मोठ्यानं सांगत, “तलावावर चाललो, आठला येतो, येताना भाजी आणतो. काय सांगितलं?” स्वयंपाकघरातून उत्तर येई, “तलावावर, आठला, भाजी.” मग दाजी “शाब्बास!” म्हणून निघत. बायको आहे का शिकाऊ कामगार, असं माझ्या ओठांवर कितीदा तरी आलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडं मुक्कामाला होतो. सकाळी दाजी मला घेऊन बँकेत निघाले. नाड्या बांधत म्हणाले, “आज तलाव नाय. मेव्हण्यासोबत बँकेत चाललो, जेवायलाच येतो. काय सांगितलं?”

आतून अक्का म्हणाली, “तलावावर, आठला, भाजी.”

“शाब्बास!” दाजी म्हणाले आणि कडी काढली.

मी जागीच थबकलो. आत गेलो. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता आणि अक्का त्याच्याकडं पाठ करून कणीक मळत होती. मी हाक मारली, पुन्हा मारली. शेवटी खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकली.

“अक्का, तुला ऐकू येत नाय?”

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मग हळूच म्हणाली, “लई दिवस झाले. ते बूट घालून उभे राहिलेले दिसले की मी म्हणते. त्यांना नको सांगू. म्हणतील, माझं ऐकत नाय.”

मग मात्र माझा तोल सुटला. दारात जाऊन मी दाजींवर असा ओरडलो की समोरची माणसं बाहेर आली. “तिला ऐकू येत नाय, दाजी! जगाला शिकवत हिंडता आणि घरात भिंतीशी बोलता!”

“पण ती परत म्हणून दाखवत होती,” दाजी म्हणाले.

“आणि तुम्ही? तिनं काय सांगितलं ते तुम्ही कधी ऐकलं?”

दाजी पायरीवर बसले. बांधलेल्या नाड्या सोडू लागले. त्यांच्याकडं बघवेना, तरी माझा राग उतरला नाही.

कानाच्या डॉक्टरांनी मशीन दिलं, दिवसभर घालायला सांगितलं. दिवाळीनंतर मी गेलो, तर अक्का एकटीच होती आणि मी दारातून मारलेल्या पहिल्या हाकेला ओ देत आली. मला फार बरं वाटलं. एवढ्यात फाटक वाजलं. अक्कानं झटकन कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं.

“हे काय गं?” मी वैतागून विचारलं.

तिनं डबी पदराआड धरली. “तू नको बोलू मधी. हे घातलेलं दिसलं ना, तर ते परत दारातूनच बोलतील.”

दाजी आत आले. पिशवी खाली ठेवली, थेट अक्कासमोर येऊन बसले, तिच्या तोंडाकडं बघत सावकाश विचारलं, “आज काय काय केलं?” आणि थांबले. बोट वर नव्हतं. अक्का सांगू लागली, कणकेपासून शेजारणीच्या मांजरापर्यंत सगळं, आणि दाजी मान हलवत ऐकत राहिले. मी डबीबद्दल अजून कुणाला काही बोललेलो नाही.